मॉन्टे कार्लो रॅलीला प्रथमच निघालेल्या प्रेक्षकास काही बहुमोल सूचना

हिवाळ्यातली डोंगरी रॅली, म्हणजे घाटरस्त्यांवरची मोटारींची शर्यत, आयुष्यात एकदा तरी पाहावी आणि पहिल्यांदा पाहायची तर मॉन्टे कार्लोचीच पाहावी, याविषयी जाणकारांत फारसे दुमत नाही. ही रॅली जानेवारीत भरते आणि तिच्या नावातच पत्ता दिलेला असल्यामुळे आपल्याला नकाशा उघडण्याचे कष्ट पडत नाहीत. मॉन्टे कार्लो ज्या देशात आहे त्या मोनॅकोत, कॅसिनोपासून चालत जाता येईल अशा अंतरावर एखादी महागडी खोली निश्चिंतपणे घ्यावी. अलीकडे अनेक वर्षे या रॅलीचा तळ गॅप नावाच्या फ्रेंच गावात पडत आला आहे, ते गाव मोनॅकोहून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर आल्प्समध्ये आहे आणि बंद केलेल्या रस्त्यांवर घड्याळाशी स्पर्धा करत धावायचे बहुतेक टप्पे त्याच्याच आसपासच्या घाटांत होतात, असे कोणी सांगू लागल्यास हसून सोडून द्यावे. खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो, हे त्यावरचे पुरेसे उत्तर आहे. शिवाय अखेरच्या दिवशी विजेते मोनॅकोतच येतात, तेव्हा निदान बक्षीस समारंभ तरी चुकत नाही.

पोशाखाच्या बाबतीत परंपरेला धरून राहावे. १९११ साली झालेल्या पहिल्या रॅलीत २३ गाड्या उतरल्या होत्या आणि निकाल लावताना परीक्षकांनी गाडीचा डौल व प्रवाशांची सोय यांचाही विचार केला होता. ज्या खेळाच्या मुळाशीच डौल आहे, तेथे जाडजूड बूट, लोकरीचे दोन-तीन थर आणि कानटोपी घालून जाणे हा परंपरेचा अवमान ठरेल. पातळ तळव्यांचे बूट आणि गळ्यात रेशमी रुमाल एवढे पुरे. कोल द तुरिनी ही या रॅलीतली प्रसिद्ध खिंड १६०७ मीटर उंचीवर आहे आणि तेथे रात्री काय थंडी असते, हे ज्याचे त्याने अनुभवावे.

भाड्याची गाडी घेताना टायरांची चौकशी करू नये. त्यामुळे आपण नवखे दिसतो. फ्रान्समध्ये ठरवून दिलेल्या डोंगराळ भागांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात हिवाळी टायर लावणे किंवा चाकांच्या साखळ्या सोबत ठेवणे बंधनकारक आहे खरे, पण आपण गाडी घेतो ती ताडाच्या झाडांखाली, आणि तेथे बर्फाचा मागमूसही नसतो. खुद्द स्पर्धकांची अवस्था तरी कोठे वेगळी असते? एकाच टप्प्यात उन्हाकडच्या उतारावर कोरडे डांबर आणि सावलीच्या बाजूला गोठलेला थर असल्यामुळे, काही वेळा दोन खिळ्यांचे आणि दोन बिनखिळ्यांचे टायर गाडीच्या तिरप्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर लावून ते निघतात. ज्या प्रश्नावर जगातले उत्तम अभियंते अशी तडजोड करतात, त्यावर आपण डोके का शिणवावे?

टप्प्यावर पोहोचण्याची घाई मुळीच नको. स्पर्धेची पहिली गाडी निघण्याच्या दहा मिनिटे आधी पोहोचले की झाले. रस्ता कित्येक तास आधीच बंद होतो, गाडी खाली दूरवर लावावी लागते आणि तेथून चढण पायी चढावी लागते, हे नियम केवळ सामान्य प्रेक्षकांसाठी असतात. पोलिसाने अडवल्यास त्याला हॉटेलची पावती दाखवावी.

एवढे करूनही आपण वर पोहोचलातच, तर उभे राहण्याची जागा मात्र विचारपूर्वक निवडावी. वळणाच्या बाहेरच्या कडेला, रस्त्याच्या पातळीवर आणि शक्यतो पाठीशी दरी असेल अशा ठिकाणी छायाचित्र उत्कृष्ट येते, कारण ताबा सुटलेली गाडी नेमकी तिकडेच येते. वळणाच्या आतल्या बाजूला, उंच बांधावर, मागे निसटायला वाट ठेवून उभे राहणारे अनुभवी लोक दिसतील. ते पंधरा-वीस वर्षे रॅली पाहत आहेत, म्हणजे तेवढी वर्षे त्यांना कोणी अंगावर बर्फ उडेल इतक्या जवळून गाडी दाखवलेली नाही, हे ओळखावे. सुरक्षेसाठी नेमलेला मार्शल शिट्टी वाजवून मागे सरकायला सांगेल. त्यास आपल्या धाडसाचा हेवा वाटत असतो. २०१७ साली पहिल्याच टप्प्यात घसरलेल्या गाडीची धडक बसून एक प्रेक्षक दगावला आणि तो टप्पा रद्द करावा लागला, ही गोष्ट मार्शल विसरलेला नसतो. आपण विसरावी.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. रस्ता कोरडा असेल, तर आपण इतक्या दूर येऊन पाहायचे काय? अशा वेळी कडेचा बर्फ दोन्ही हातांनी, मिळाल्यास फावड्याने, रस्त्यावर लोटणे हे तुरिनीवरच्या काही प्रेक्षकांनी जपलेले व्रत आहे आणि त्यात आपणही सहभागी व्हावे. यामागचे तंत्र समजून घेण्यासारखे आहे. गाड्या सुटण्यापूर्वी संघांची टेहळणी पथके टप्प्यावरून जाऊन कोठे ओल आहे, कोठे गोठलेला थर आहे, हे बारकाईने टिपतात; ती टिपणे चालकाशेजारी बसून वाट वाचून दाखवणाऱ्या को-ड्रायव्हरच्या वहीत उतरतात आणि चालक त्या वहीवर विसंबून, पुढचे वळण दिसण्याआधीच, वेग ठरवतो. तेव्हा पथक निघून गेल्यावर टाकलेला बर्फ वहीत नसतो, यातच खरे कौशल्य आहे. २००५ साली याच खिंडीत प्रेक्षकांनी टाकलेल्या बर्फावरून पेटर सोल्बर्ग आणि मार्कुस ग्रोनहोल्म हे दोघे माजी विश्वविजेते घसरले. ग्रोनहोल्मने तीन वर्षांत दोनदा आणि सोल्बर्गने एकदा जग जिंकले होते, पण फावड्यापुढे दोघांचे काही चालले नाही. गाडी बांधायला कोट्यवधी युरो खर्च करणाऱ्या कंपन्यांनी या घटकाचा गांभीर्याने विचार करायला हवा होता.

निकालाची फिकीर करू नये. डोंगरात फोनला रेंज मिळेलच असे नाही आणि काही मिनिटांच्या अंतराने येणारी प्रत्येक गाडी समोरून दोन-चार सेकंदांत नाहीशी होते, त्यामुळे आघाडीवर कोण आहे, हे शेजारच्याला विचारूनच कळते आणि त्यालाही ते ठाऊक नसते. २०२२ साली शेवटून दुसऱ्या टप्प्यावर आघाडीवरचा चालक सेबास्तियन ओजिए याचा टायर फुटला आणि ४७ वर्षांचा त्याचा प्रतिस्पर्धी सेबास्तियन लोब याने अवघ्या १०.५ सेकंदांनी रॅली जिंकली. अशा प्रसंगी जंगलात उभे असलेल्या आपल्याला नेमके काय घडले ते संध्याकाळी हॉटेलच्या दूरचित्रवाणीवर समजावे, यात गैर काही नाही.

परतताना मात्र शिकलेले सारे उपयोगात आणावे. टप्प्यांच्या मधल्या सार्वजनिक रस्त्यांवर स्पर्धक निमूटपणे वेगमर्यादा पाळतात आणि लाल दिव्याला थांबतात, कारण त्यांना तसा नियम आहे. आपल्याला तेथे अशी सक्ती वाटून घेण्याचे कारण नाही. अंधारात, गोठलेल्या उतारावर, हजारो गाड्यांची रांग लागलेली असताना हातब्रेक ओढून वळण घेण्याचा पहिला प्रयत्न करावा. त्यानंतर भाड्याच्या गाडीच्या विम्याचा अर्ज भरताना ‘अपघाताचे कारण’ या रकान्यात ‘रस्त्यावर अनपेक्षित बर्फ आढळला’ असे स्वच्छ अक्षरांत लिहावे, आणि तो बर्फ कोणी टाकला, या पुढच्या प्रश्नाचे उत्तर कोरे ठेवावे.