शंभरचा थिसिस आणि पहिल्या तिघांतलं नाव

मराठवाड्यातल्या कुठल्याही मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत जा, एमडी-एमएसच्या थिसिसचं कपाट उघडा आणि सॅम्पल साइजचं, म्हणजे अभ्यासात किती पेशंट घेतले त्याचं, पान काढा. फिरून फिरून एकच आकडा भेटेल, १००. विषय दम्याचा असो, मोतीबिंदूचा असो की सिझेरियननंतरच्या दुखण्याचा, पेशंट शंभरच. मी पीएसएम म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र विभागात स्टॅटिस्टिक्स शिकवते, त्यामुळे हे पान मला तोंडपाठ आहे. फॉर्म्युलाही ठरलेला: ४ पीक्यू भागिले एल वर्ग. पी म्हणजे आजार असलेल्यांचं अंदाजे प्रमाण, क्यू म्हणजे शंभरातून उरलेले, एल म्हणजे किती चूक चालेल ती. पी ५० टक्के धरा, एल १० धरा, उत्तर बरोब्बर १०० येतं. खरं तर शंभर हा आकडा गाईडने आधीच सांगितलेला असतो, कारण तेवढेच पेशंट दीड वर्षात गोळा होतात. आधी लग्न ठरवायचं आणि मग पत्रिका जुळवून आणायची, तसला हा प्रकार.

बरं, हा फॉर्म्युला आहे कशासाठी? गावात शंभरातल्या किती जणांना बीपी आहे, हे मोजण्यासाठी. दोन औषधांत कोणतं बरं, हे ठरवायला तो चालत नाही. समजा एका औषधाने १०० पैकी ६० पेशंट बरे होतात आणि दुसऱ्याने ७०. हा फरक नेहमीच्या कसोटीवर ८० टक्के खात्रीने पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात सुमारे ३५० माणसं लागतात. दोन्ही मिळून ७००. पन्नास-पन्नासचे दोन गट केले तर हा फरक खरोखर असूनही सापडण्याची शक्यता पाचात एकपेक्षा कमी. म्हणजे अभ्यास सुरू व्हायच्या आधीच तो बहुधा काहीच सांगणार नाही, हे कागदावर दिसत असतं. तरी सायनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, पास होतो, एथिक्स कमिटीतूनही सुटतो. शंभर माणसांच्या शिरेत सुई मात्र टोचली जाते. माझ्या मते हाच एथिक्सचा पहिला प्रश्न असायला हवा, पण कमिटीत चर्चा होते ती संमतीपत्राच्या मराठी भाषांतरावर.

सबमिशन जवळ आलं की रेसिडेंट, म्हणजे एमडी-एमएस करणारे डॉक्टर, एक्सेल शीट घेऊन येतात. "मॅडम, काहीतरी सिग्निफिकंट काढून द्या ना." मास्टर चार्ट उघडला की बीपीचे जवळपास सगळे आकडे शून्यावर संपलेले. १२०/८०, १३०/९०, १४०/९०. इतकी गोलमटोल बीपी असलेली जनता फक्त थिसिसमध्ये राहते. मुख्य प्रश्नाचं उत्तर येत नाही म्हटल्यावर मग वयानुसार पाहा, लिंगानुसार पाहा, शाकाहारी-मांसाहारी पाहा, तंबाखूवाले वेगळे काढा. अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तुलना केल्या आणि प्रत्यक्षात कुठेच काही फरक नसला, तरी किमान एक पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली, म्हणजे 'सिग्निफिकंट', येण्याची शक्यता ६४ टक्के असते. (पी व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता.) ती एक सापडते, अॅबस्ट्रॅक्टमध्ये जाते आणि उरलेल्या एकोणीस तुलना केल्या होत्या हे कुणालाच कळत नाही. विसात एक, म्हणजे ०.०५, ही रेघ संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९२५ साली सोयीची म्हणून सुचवली होती. आपल्याकडे ती दहावीच्या पासिंगसारखी झाली. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितलं की केवळ या एका रेघेवर वैज्ञानिक निष्कर्ष काढू नका. आमच्या व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, परीक्षक अजून तोच एक आकडा विचारतात.

रेसिडेंटवर मी चिडत नाही. सलग ड्यूटी करून आलेल्या लेकराने सुट्टीच्या दिवशी बसून फॉलोअप भरावा ही अपेक्षाच चुकीची. प्रश्न त्याच्या वरच्यांचा आहे, ज्यांना त्या थिसिसमधून जर्नलमध्ये छापायचा पेपर काढायचा असतो. असोसिएट प्रोफेसर व्हायला पेपर लागतात, प्रोफेसर व्हायला आणखी लागतात. हा नियम का आला, त्यालाही कारण आहे. २००५ ते २०१४ या दहा वर्षांतल्या भारतीय वैद्यकीय संस्थांच्या प्रकाशनांचा एक अभ्यास २०१६ मध्ये आला. ५७९ संस्थांपैकी ३३२ संस्थांचा दहा वर्षांत एकही पेपर सापडला नव्हता. म्हणजे रोग होता. पण औषध म्हणून पेपर मोजायला घेतले आणि पेपरांचं पीक आलं. ईमेलमध्ये "आदरणीय प्राध्यापक" म्हणत जर्नल दारात येतात, चार-सहा दिवसांत स्वीकारल्याचं पत्र, सोबत बिल. तपासणारे रिव्ह्यूअर कोण, कुणी विचारत नाही.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. २०२० च्या मे महिन्यात 'लॅन्सेट'मध्ये कोविडसाठी दिलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर ९६ हजार पेशंटचा पेपर आला आणि दोन आठवड्यांत मागे घ्यावा लागला, कारण मूळ डेटा कुणालाच तपासायला मिळेना. २०२३ मध्ये जगभरात दहा हजारांहून जास्त पेपर मागे घेतले गेले. तेव्हा अंबाजोगाई-नांदेडला नावं ठेवून पुण्या-मुंबईवाल्यांनी फार खूश होऊ नये.

आता दुसरं टोक, तेही आपल्याच दारातलं. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलने १९८७ पासून बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या कॅन्सरची गावोगाव नोंद ठेवायला सुरुवात केली. देशातली ग्रामीण भागातली अशी ही पहिलीच नोंदणी. पुढे टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेसोबत त्याच भागात, धाराशिव जिल्ह्यात, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ समूह, आठ वर्षांचा पाठपुरावा. प्रश्न एकच: आयुष्यात एकदा तपासणी केली तर मरण टळतं का? कोणती तपासणी केली तर? २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये उत्तर आलं. एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणीच्या गटात या कॅन्सरने ३४ बायका गेल्या, तपासणी नसलेल्या गटात ६४, आणि दोन्ही गट साधारण एकाच आकाराचे. मृत्यूचा धोका जवळजवळ निम्मा. तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी दिली नाही म्हणून त्या अभ्यासावर टीका झाली आणि ती मला रास्तच वाटते. पण तपासणीचं धोरण ठरवताना जगभर आजही हा अभ्यास पुढे केला जातो. तो उभा राहिला तो वर्षानुवर्षं वह्या भरणाऱ्या, पायी घरोघर जाणाऱ्या माणसांच्या जिवावर. यातल्या किती जणांना प्रमोशनसाठी त्या पेपरचा उपयोग झाला असेल?

आपल्याकडे प्रश्नांची काही कमी नाही. बीडमध्ये २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं, त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. वर्तमानपत्रांत गाजलं, विधान परिषदेत गाजलं. त्या बायकांच्या हाडांचं, हृदयाचं पाच-दहा वर्षांनी काय होतं, हा थिसिसचा विषय नाही तर काय आहे? एका रेसिडेंटला तो झेपणार नाही. पण घाटी (छत्रपती संभाजीनगरचं सरकारी मेडिकल कॉलेज), अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या सात रेसिडेंटनी एकच प्रोटोकॉल घेतला, एकाच फॉर्मवर, एकाच पद्धतीने बीपी मोजून प्रत्येकी शंभर बायका पाहिल्या, तर सातशे होतात. प्रत्येकाचा थिसिस वेगळा बांधता येतो, वरून एक मोठा पेपर निघतो.

इथेच घोडं अडतं. सात रेसिडेंट आणि सात गाईड, नावं चौदा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या (एनएमसी) २०२२ च्या नियमावलीने घातलेली अट अशी: प्रमोशनला पेपर धरायचा तर नाव पहिल्या तिघांत हवं, नाहीतर कॉरस्पाँडिंग ऑथर, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक, म्हणून हवं. म्हणजे किमान दहा जणांची मेहनत हिशेबात नाही. मग कोण कशाला येईल? जो तो आपापल्या शंभरावर बसतो. फुकटची नावं घुसवली जाऊ नयेत म्हणून ही अट आणली असणार, हे समजतं. पण प्रत्येकाने काय काम केलं हे बहुतेक बरी जर्नल्स हल्ली लिहून घेतातच, तेच प्रमोशनला धरा. आणि पेपरच्या आधी, सीटीआरआयवर, म्हणजे अशा अभ्यासांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, प्रोटोकॉल अभ्यासाआधी नोंदवला होता का आणि जे मोजणार म्हणून लिहिलं तेच मोजलं का, याला गुण द्या. ते शोधायला पाच मिनिटं लागतात.

एनएमसी ऐकेल तेव्हा ऐकेल. सामायिक प्रोटोकॉलवर वेगवेगळे थिसिस करायला त्याची वाट बघायची गरज नाही. पुढच्या बॅचचे सायनॉप्सिस जमा व्हायच्या आधी चार कॉलेजांच्या पीएसएम आणि गायनॅक विभागांनी तासभर ऑनलाइन बसलं तरी विषय ठरतो. सॅम्पल साइजचं गणित मी करून आणते, आणि ते शंभर येणार नाही एवढं आत्ताच सांगून ठेवते.