लहान बाळं सगळी सारखीच दिसतात

रात्री साडेबाराला इंग्लंडातल्या रीडिंग गावात बसून मी घरच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. सकाळी पाहते तर उत्तरादाखल दोन अंगठे आणि एक सुप्रभातचं कमळ.

विषय होता आतेबहिणीच्या लेकीचा. पुण्यात तिसरीत आहे. शाळेने प्रोजेक्ट दिला, 'माझे कुटुंब': वंशवृक्ष काढा, जन्मापासूनचे फोटो चिकटवा. पोरगी दत्तक म्हणून घरी आली तेव्हा चौदा महिन्यांची होती. त्याआधीचा फोटो आणायचा कुठून? ताईचं म्हणणं, वर्गाच्या बाईंना भेटून सांगून टाकते. ग्रुपचं म्हणणं, शाळेला कशाला सांगायचं? जन्मदाखल्यावर आई-वडील म्हणून तुमचीच नावं आहेत, मग प्रश्न येतोच कुठे? काकांनी तर तोडगाच काढला. कुणाच्याही तान्ह्या बाळाचा फोटो लावून टाका, लहान बाळं सगळी सारखीच दिसतात.

पोरीला सगळं ठाऊक आहे, लहानपणापासून सांगितलेलं आहे. म्हणजे तिने जाणूनबुजून परक्या बाळाचा फोटो चिकटवायचा, खाली वळणदार अक्षरात स्वतःचं नाव लिहायचं आणि त्याचे दहापैकी दहा घ्यायचे.

आमचा मुलगा आमच्याकडे आला तो चार वर्षांचा असताना. शाळा सुरू व्हायच्या आधीच आम्ही डेझिग्नेटेड टीचरसमोर, म्हणजे सरकारी देखरेखीतल्या मुलांची जबाबदारी असलेल्या शिक्षिकेसमोर, बसलो होतो. २०१८पासून इंग्लंडच्या सरकारी शाळांत या शिक्षकांनी दत्तक गेलेल्या मुलांकडेही बघायचं असतं, आणि त्यांना सल्ला द्यायला काउन्सिलचं एक पथक असतं, त्याचं नाव व्हर्च्युअल स्कूल. (आईला वाटलं, लॉकडाऊनसारखं मोबाइलवर शिकवतात.) अशा मुलामागे शाळेला पैसेही मिळतात, २०२४-२५ला २,५७० पौंड होते. पण ते कधी? ऑक्टोबरमध्ये शाळेची पटगणती होते, त्याआधी आई-वडिलांनी आपण होऊन दत्तकाचा कागद दाखवला तर. सांगायचं की नाही हे इथेही आमच्याच हातात असतं. हे वाक्य मी त्या मेसेजमध्ये घातलं नव्हतं.

सांगून झालं काय, तर एवढंच. पहिल्या वर्षी वर्गाच्या बाई आजारी पडल्या, बदली शिक्षिका आल्या, आणि आमच्या चिरंजीवांनी वही फाडून टेबलाखाली मुक्काम ठोकला. जेवायलाही बाहेर येईना. दुसऱ्या शाळेत 'वर्तनाची समस्या' म्हणून शेरा आला असता. इथे त्यांना माहीत होतं की या मुलाच्या आयुष्यात माणसं न सांगता नाहीशी झालेली आहेत. तेव्हापासून उद्या कोण शिकवणार हे आदल्या दिवशी त्याला सांगतात, शक्य असेल तर फोटोसकट. त्याच्या पेन्सिलच्या पाऊचमध्ये आजीच्या गोधडीचा तळहाताएवढा तुकडा असतो. गणिताच्या तासाला तो अंगठ्याने त्याचे टाके मोजत बसतो. बाई दिसूनही न दिसल्यासारखं करतात. रात्री झोप झाली नसेल तर सकाळी मी डायरीत दोन ओळी लिहिते आणि त्या दिवशी त्याला स्पेलिंगची परीक्षा नसते.

घरी मात्र मी मिरजेची. संध्याकाळी दिवेलागणीला पाढे. आमच्या घरात सत्तावीसचा अडला तर ताट वाढत नसत. बाईंनीच एकदा चहाला बसवून सांगितलं, तुम्ही पाढे आमच्यावर सोडा, तुम्ही त्याच्या शेजारी नुसत्या बसा. राग आला. आम्हाला शिकवता? घरी येऊन नुसती बसले. तो आधी खुर्चीच्या टोकाला होता, दीड महिन्याने मांडीवर आला आणि आपणहून विचारलं, सहा सक किती?

तर काका. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं: सयाजीराव दत्तकच होते, त्यांना कुठे तुमचे समुपदेशक होते? काका, होते की! कवळाण्याचा गोपाळ १८७५मध्ये बारा वर्षांचा असताना बडोद्याला दत्तक गेला. दत्तक आई जमनाबाईंनी त्याच्या शिक्षणाची खास व्यवस्था लावली, इलियटसाहेब शिक्षक म्हणून आले. दत्तक आहे हे साऱ्या संस्थानाला माहीत होतं, म्हणून तर कुठून सुरुवात करायची ते शिक्षकांना कळलं. त्याच मुलाने पुढे १९०६मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. कागलच्या घाटग्यांचा यशवंत, म्हणजे आपले शाहू महाराज, तोही दत्तकच, त्याने कोल्हापुरात १९१७मध्ये तेच केलं. आपल्या कुलवृत्तांतात 'दत्तक आले' असं तीन ठिकाणी सरळ छापलंय, कुणाची मान खाली गेली नाही. फरक इतकाच की तेव्हा पोर भाऊबंदांतलं असे, कुणाचं ते ठाऊक असे. आपल्याला दत्तकाची लाज नाही काका, आपल्याला 'कुणाचं' याचं उत्तर नसण्याची भीती आहे.

हे पाठवलं आणि मलाच मी फार आवडले.

संध्याकाळी ताईचा फोन. बाईंना भेटून आली होती. बाई म्हणाल्या, जन्मापासूनचे कशाला, सगळ्या वर्गालाच 'आवडता फोटो' आणायला सांगते. लेकीने घरी आली त्या दिवसाचा लावलाय, ताईच्या कडेवरचा. मी म्हटलं, इथेही हुबेहूब असंच झालं होतं, बुकबॅगमधून बाळपणीच्या फोटोची चिठ्ठी आली होती आणि एका ईमेलवर बदलली. "हे ग्रुपवर नाही लिहिलंस," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मिरजेत शेजारच्या काकूंना सांगितलंयस का गं?"

काकूंना आम्ही तिकडेच झाला असं सांगितलंय. म्हणजे आईने सांगितलं, मी शेजारी उभी होते. गेल्या उन्हाळ्यात काकू त्याची हनुवटी धरून म्हणाल्या, अगदी आजोबांवर गेलाय हो. आई हसली. मीही हसले. तो माझ्याकडे बघत होता.

मी ताईला म्हटलं, आवाज तुटतोय गं, नंतर करते. तुटत नव्हता.