पंखा कोणासाठी फिरून राहिला?

आमच्या घरात मे महिना तारखांनी मोजत नाहीत, युनिटांनी मोजतात. रोज सकाळी सहाला, चहाच्याही आधी, बाबा टॉर्च घेऊन जिन्याखालच्या मीटरपाशी जातात आणि आकडा पुटपुटत वर येतात. वाटेत कोणी बोललं तर आकडा विसरतो आणि पुन्हा खाली जावं लागतं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत, आईने लिहिलेल्या दूधवाल्याच्या खाड्याखाली, कालचे युनिट. 9 आले तर दिवस चांगला. 11 आले की चौकशी आयोग बसतो.

महिन्याला 300 युनिट ही आमची लक्ष्मणरेषा. 301वं युनिट पडलं की सगळेच्या सगळे युनिट वरच्या दराने लागतात, असं बाबांना फार वर्षांपूर्वी बँकेच्या रांगेत कोणीतरी सांगितलं होतं. सांगणारा कोण, ते त्यांना आठवत नाही. पण त्या अनोळखी माणसाच्या शब्दावर आमच्या घराने कितीतरी उन्हाळे काढले.

आणि उन्हाळे कुठले, तर नागपूरचे. इथे 23 मे 2013 ला पारा 47.9 ला गेला होता. 2024 च्या मे अखेरीला तर एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले. देशभर बोभाटा झाला आणि मग हवामान खात्याने सांगितलं, की सेन्सर बिघडला होता. ज्या गावात यंत्रसुद्धा ऊन लागून बरळतं, तिथे माणसांनी युनिट वाचवायचे!

बाबांचं अर्थशास्त्र पंख्यापासून सुरू होतं. आमचे पंखे जुने, 75 वॅटचे. म्हणजे एका युनिटात पंखा 13 तास चालतो आणि दीड टनाचा एसी जेमतेम 40 मिनिटं. हे भाव त्यांना सोन्याच्या भावासारखे तोंडपाठ आहेत. माझ्या मुलीने एसीचा रिमोट नुसता हातात घेतला तरी सोफ्यावरून आवाज येतो, "तुझा एक तास म्हणजे माझ्या पंख्याचे 20 तास!" मी खोलीतून पाणी प्यायला उठलो, की परत येईस्तोवर पंखा बंद आणि दारात बाबा उभे. "पंखा कोणासाठी फिरून राहिला? भिंतीला घाम येते काय बे?" यावर उत्तर नाही, कारण मुद्दा बरोबर आहे. पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. अंगच नसेल तर तो नुसताच फिरतो. पण हे शास्त्र मान्य असलं, तरी पाण्याच्या एका पेल्यासाठी दोनदा अपमान करून घ्यायचा म्हणजे जरा जास्त होतं.

कूलर हा मात्र बाबांचा लाडका. पत्र्याचा, खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवलेला, सुरू झाला की विमानतळाशेजारी राहायला आल्यासारखं वाटतं. एप्रिलच्या सुरुवातीला त्याच्या ताट्या बदलायच्या, हा आमच्याकडचा सणच. ओल्या वाळ्याचा पहिला वास आला, की बाबा डोळे मिटून म्हणतात, "हा खरा एसी." आमची कोरडी हवा ताट्यांतून जाताना पाणी पिते आणि पाण्याची वाफ होताना तिच्यातली उष्णता खर्ची पडते, एवढंच त्यामागचं रहस्य. म्हणूनच मुंबईच्या माझ्या मावसभावाला कूलरचं कौतुक कळत नाही. तिथली हवा आधीच पोटभर प्यायलेली असते.

फक्त कूलरला समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर ओल कोंडून खोलीत आमसभा भरल्यासारखं होतं. आणि एसीला सगळं बंद लागतं. ज्या घरात दोन्ही आहेत, त्या घरात खिडकीवरून महाभारत ठरलेलं. मुलगी खिडकी लावते, बाबा उघडतात, आई जाता-जाता अर्धी ठेवते. एकदा दुपारी एसी आणि कूलर दोन्ही सुरू राहिले. एक ओल आत आणत होता, दुसरा तीच काढायला वीज खात होता. ते दृश्य पाहून बाबा दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मला खरी भीती तेव्हा वाटली.

शेवटी तह झाला. रात्री झोपताना एक तास एसी, आकडा 24. मुलीला 18 हवं होतं. 18 वर ठेवलं म्हणजे खोली लवकर गार होते असं नाही, यंत्र फक्त जास्त वेळ राबतं, हे मी तिला समजावलं. तिने माझ्याकडे गद्दाराकडे पाहावं तसं पाहिलं.

मे लागला आणि बाबांनी लढाई गच्चीवर नेली. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खोलीवर वाफा सोडतो, तेव्हा शत्रूला मुळातच गाठायचं. चुन्यात फेव्हिकॉल कालवून आम्ही बापलेकांनी अख्खी गच्ची पांढरी केली. फरक पडला, खोटं कशाला बोलू, वरच्या खोलीच्या छताला हात लावता येऊ लागला. मात्र दुपारी गच्चीवर डोळे उघडता येईनात, आणि पुढचे आठ दिवस घरभर पांढरी पावलं उमटत राहिली. लक्ष्मी आल्यासारखी. फक्त 10 नंबरच्या चपलेची.

एवढ्यावर थांबले असते तर ते बाबा कसले? रोज संध्याकाळी पाइप घेऊन गच्चीवर पाणी मारायचं, हे वर. समोरचे काका फाटकाशी उभे राहून बघायचे. बाबांनी त्यांनाही दीक्षा दिली. लक्ष्मणरेषेची गोष्ट तर इतकी रंगवून सांगितली, की काकांनी एसीचा प्लगच काढला आणि गच्चीवर मच्छरदाणी लावून झोपू लागले.

जूनमध्ये बिल आलं. 304 युनिट.

घरात सुतक पडलं. बाबा जेवले नाहीत. आई म्हणाली, "चारच तर जास्त झाले," आणि लगेच तिला चूक कळली. कॅलेंडर भिंतीवरून उतरवण्यात आलं. एकेका दिवसाची उलटतपासणी झाली. संशय आधी फ्रिजवर, मग माझ्यावर. शेवटी यंदा दहावीत गेलेल्या मुलीने शांतपणे विचारलं, "आबा, गच्चीवरच्या पाण्यासाठी मोटर जास्त किती वेळ चालायची?"

"अर्धा तास. जास्त नाही."

"एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट. रोज अर्धा तास, 30 दिवस." तिने बिलाच्याच मागे गुणाकार केला. "11 युनिट. निदान."

बाबांनी कागद घेतला, चष्मा पुसला, गुणाकार तपासला. बरोबर होता.

"आणि तसंही," पोरगी बिल उलटवून त्यावरचा दरांचा तक्ता बघत म्हणाली, "300 च्या वर गेलं म्हणून सगळ्यांना वरचा दर नाही लागत. पहिल्या शंभराला पहिला, पुढच्या दोनशेला दुसरा. वरचा दर फक्त वरच्या चार युनिटांना. उसाच्या रसाच्या एका ग्लासाएवढा फरक पडला असेल."

कूलर तेवढा घरघरत होता. बाबा बराच वेळ त्या तक्त्याकडे बघत राहिले. बहुधा एकेक उन्हाळा मागे जात असावेत. माझ्या बारावीचा, आईच्या ऑपरेशननंतरचा, मुलीच्या बारशाचा, ज्यात पाहुण्यांना वारा घालायला त्यांनी पुठ्ठे वाटले होते.

"हे असं कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

मुलीने खांदे उडवले.

बाबा उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. समोरच्या गच्चीवर मच्छरदाणी बांधण्याचं काम चाललं होतं.

"त्याले सांगू नको," ते हळूच म्हणाले. "पाऊस आला की तसाही खाली येते तो."