मामी, रद्द केलेली वेळ परत घ्या

‘आघातातून बाहेर पडण्याचा एकमेव शास्त्रीय उपाय’ हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. वर फुलांची माळ, खाली जोडलेले हात. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो आला तेव्हा मी न वाचताच सोडून दिला होता. मग तो मामीकडे पोचला आणि मामीने तो अमलात आणला. माझ्या मामेबहिणीची समुपदेशक बाईंकडची ठरलेली वेळ तिने परस्पर फोन करून रद्द केली आणि मंडला, म्हणजे गोलाकार नक्षी, रंगवायची वही मागवली. बहीण घाटातल्या अपघातातून वाचलेली आहे. पुढच्या सीटवर बसलेली तिची मैत्रीण वाचली नाही. पुढे जे लिहिते आहे ते बहिणीला विचारूनच.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. मोठा आघात झाला की मेंदूतलं बोलण्याचं केंद्र बंद पडतं, त्यामुळे बोलून उपयोग नाही. उलट बोललं की जखम पुन्हा उघडते, म्हणून समुपदेशन ताबडतोब थांबवा. पंचेचाळीस मिनिटं रंगवलं की ताणाचं संप्रेरक ७५ टक्क्यांनी उतरतं. एकवीस दिवस मंडला रंगवा, आघात मुळासकट जातो. मुलांच्या चित्रांतल्या रंगांवरून त्यांच्या मनातलं कसं ओळखायचं याचा एक तक्ता. आणि शेवटी, समुपदेशन हा निव्वळ पैसे उकळण्याचा धंदा आहे, दहा जणांना पाठवा.

आमच्या घरात नुकसान केलं ते जखमेच्या मुद्द्याने, म्हणून आधी तोच घेते. त्यात अर्धं सत्य आहे, हे नाइलाजाने कबूल करावं लागतं. एके काळी अपघात, आग, पूर असं काही झालं की पुढच्या काही दिवसांतच माणसाला बसवून घडलेलं सगळं बारीकसारीक तपशिलासह एकाच बैठकीत वदवून घ्यायची पद्धत होती. डीब्रीफिंग म्हणत तिला. मन मोकळं झालं की पुढचा त्रास टळेल, अशी समजूत. ब्रिटनमध्ये जोनाथन बिसन आणि सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांवर ही पद्धत तपासली. १९९७ साली निष्कर्ष आले. तेरा महिन्यांनंतर डीब्रीफिंग झालेल्यांपैकी २६ टक्के लोकांना पीटीएसडी (आघातानंतर दीर्घकाळ पाठ न सोडणारा मानसिक आजार) होता आणि ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्यापैकी ९ टक्के लोकांना. आता, डीब्रीफिंगच्या गटातले लोक मुळातच जरा जास्त भाजलेले होते, त्यामुळे सगळा दोष त्या बैठकीवर टाकता येत नाही. पण फायदा झाला, असं तर कुणीच म्हणू शकलं नाही. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आघातानंतर लगेच डीब्रीफिंग करू नका असं स्पष्ट सांगितलं.

मेसेजवाल्याने हे कुठेतरी ओझरतं ऐकलं असावं. पण त्याच २०१३ च्या सूचनांत, पीटीएसडी झालेल्या माणसाला आघातावर केंद्रित बोलण्याचे उपचार द्यावेत, हेही लिहिलंय. ब्रिटनची नाइस ही संस्था २०१८ च्या मार्गदर्शिकेत अशा उपचाराच्या साधारण ८ ते १२ बैठका सांगते. या बैठकांत कुणी कुणाच्या तोंडातून काही ओढून काढत नाही. छाती धडधडायला लागली तर काय करायचं, हे आधी शिकवतात. आठवणीकडे जायचं ते माणसाच्या चालीने. आणि त्या आठवणीला चिकटून बसलेला विचार असतो ना, ‘माझ्यामुळेच झालं’ छापाचा, तो उलटसुलट करून तपासतात. अपघाताच्या तिसऱ्या दिवशी नातेवाइकांनी बेडभोवती कोंडाळं करून ‘नक्की काय झालं गं?’ विचारणं वेगळं आणि हे वेगळं. पहिल्यावर बंदी घाला, माझा पूर्ण पाठिंबा आहे.

बहिणीच्या बाबतीत गंमत अशी की तिची समुपदेशक बाई चित्रंच काढून घेत होती. सुरुवातीच्या बैठकांत बहीण ‘आम्ही सकाळी निघालो’ इथपर्यंत यायची आणि गप्प व्हायची. मग बाईंनी कागद आणि तेलखडू पुढे ठेवले. तिने गाडी आतून काढली. डॅशबोर्डवरचा गणपती, वायपर, ओला रस्ता. पुढची डावी सीट मात्र एवढी दाबून रंगवली की खडू मोडला. बाईंनी काळ्या रंगाचा अर्थ वगैरे काही सांगितला नाही. एवढंच विचारलं, ‘यात तू कुठे आहेस?’ बहिणीने कागदाच्या बाहेर, टेबलावर बोट ठेवलं. मागच्या सीटची जागा. आणि मग म्हणाली, ‘ती सीट माझी होती. मला गाडी लागते म्हणून मी कायम पुढेच बसते. त्या दिवशी मीच तिला म्हटलं, आज तू बस.’

कुणालाच माहीत नव्हतं हे. मामीलाही नाही, मलाही नाही. चित्राने ते बाहेर काढलं, मान्य. पण बाहेर आल्यावर ‘मी तिला मारलं’ या वाक्याचं काय करायचं, हे चित्राला कसं कळणार? वळणावर समोरून आलेला ट्रक कोण चालवत होतं, सीट देताना तुला काय ठाऊक होतं, हेच तिच्या हातून झालं असतं तर तू तिला खुनी म्हणाली असतीस का, असले प्रश्न कुणीतरी विचारावे लागतात. पुन्हा पुन्हा विचारावे लागतात. तेच काम नुकतं सुरू झालं होतं, आणि नेमकी तीच वेळ रद्द झाली.

मेंदूचं केंद्र बंद पडण्याची गोष्ट आली आहे ती स्कॉट राउश यांच्या १९९६ च्या अभ्यासातून. पीटीएसडी असलेल्या आठ, होय आठच, लोकांना त्यांच्याच आघाताचं वर्णन ऐकवलं आणि मेंदूचं चित्रण केलं. त्या वेळी भाषेशी संबंधित ब्रोका भागातली हालचाल कमी झालेली दिसली. त्या वेळी! आठवण अंगावर येते तेव्हा शब्द फुटत नाहीत, हे तर आपल्याला मशिनशिवायही माहीत आहे. त्यावरून ‘आधी चित्र काढू दे, मग बोलू’ असं कुणी म्हटलं तर समजू शकते. ‘बोलूच नका’ हे कुठून काढलं? सोबत उजवा मेंदू म्हणजे कला आणि डावा म्हणजे भाषा, असंही एक वाक्य चिकटवलेलं आहे. मेंदू इतका सरळ वाटलेला नसतो. यावर याहून जास्त शब्द खर्च करत नाही.

७५ टक्क्यांचा आकडा खरा आहे, फक्त तो कशाचा आहे हे वाचायला मेसेजवाल्याला वेळ मिळालेला नाही. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटं रंग, माती, कोलाज असं हवं ते करू दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे तेच ताणाचं संप्रेरक, मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांचं कॉर्टिसॉल उतरलं. ७५ टक्क्यांनी उतरलं नाही. ७५ टक्के लोकांचं, काही ना काही प्रमाणात उतरलं. उरलेल्यांपैकी काहींचं तर वाढलं. शिवाय ती सगळी धडधाकट माणसं होती, आघाताचे रुग्ण नव्हेत.

मंडलाचंही तसंच. २००५ च्या एका अभ्यासात ८४ विद्यार्थ्यांना आधी थोडं अस्वस्थ करून मग वीस मिनिटं रंगवायला दिलं. मंडला रंगवणाऱ्यांची अस्वस्थता कोऱ्या कागदावर मनाला येईल ते काढणाऱ्यांपेक्षा जास्त उतरली. आणि चौकटीचौकटींची साधी नक्षी रंगवणाऱ्यांची? तीही तेवढीच. म्हणजे गुण मंडलातल्या गूढ शक्तीचा नाही. हात एका ठरलेल्या कामात गुंतला की डोकं जरा निवतं. संध्याकाळ बरी जाते, झोपही लागत असेल. एकवीस दिवसांनी आघात ‘मुळासकट’ जाणं त्यात कुठेच नाही.

रंगांच्या तक्त्याचा मात्र मला खराखुरा संताप आला. काळा म्हणजे दडलेला आघात, लाल म्हणजे राग, मोठे डोळे म्हणजे संशयी स्वभाव, हात नसलेलं माणूस म्हणजे अत्याचार. शेजारच्या पहिलीतल्या मुलाने सबंध पान काळं केलं होतं. विचारलं तर म्हणाला, लाइट गेलेत. असल्या तक्त्यांची पोल १९६७ सालीच उघडी पडली आहे. लॉरेन आणि जीन चॅपमन यांनी माणसांची चित्रं आणि मानसिक लक्षणं यांच्या जोड्या मुद्दाम वाटेल तशा लावल्या आणि विद्यार्थ्यांना दाखवल्या. त्यांत काहीही संबंध नसताना विद्यार्थ्यांना ‘संशयी लोक डोळे वेगळे काढतात’ हे स्वच्छ दिसलं. अनुभवी तज्ज्ञही हेच सांगत होते. जे आधीच डोक्यात असतं ते कागदावर दिसतं.

आणि हा नुसता बाष्कळपणा नाही. तक्ता घेऊन बसलेला बाप काळ्या रंगावरून घरात गहजब करील, हे एक. पण ज्या मुलीवर खरंच अत्याचार होतोय तिने पिवळं ऊन, हिरवं झाड आणि हसरा सूर्य काढला, तर? तक्त्याप्रमाणे ती सुखी! मूल काही सांगत असेल तर ते ऐका, विश्वास ठेवा, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. चित्र बघून काय वाटलं हे मुलालाच विचारा, तक्त्याला नको.

आता, मी चित्रोपचाराची तळी उचलते आहे असं समजू नका. आघात झालेल्या प्रौढांवरच्या चित्रोपचाराचा २०१५ साली आढावा घेतला गेला, तेव्हा तुलना करता येईल असे अभ्यास सहाच सापडले आणि त्यांतल्या तीन अभ्यासांत आघाताची लक्षणं लक्षणीय कमी झालेली दिसली. चित्र आणि बोलणं एकत्र देण्याची २०१६ ची एक चाचणी युद्धावरून परतलेल्या सैनिकांवर झाली, तीत अकरा माणसं होती. एवढ्यावर डंका पिटता येत नाही. पण ‘एकमेव’ हा शब्द तर या क्षेत्राच्या इतिहासातही बसत नाही. अमेरिकेत याचा पाया घालणाऱ्यांपैकी मार्गारेट नॉमबर्ग रुग्णाला स्वतःच्या चित्राबद्दल बोलायला लावत. ईडिथ क्रेमर यांचा भर चित्र काढण्याच्या क्रियेवरच होता, हे खरं. पण त्याही मुलांच्या सोबत बसत, वही देऊन घरी पाठवत नसत.

राहिला पैशांचा मुद्दा. फी परवडत नाही ही तक्रार खोटी नाही, आणि दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीला लावून ‘आर्ट थेरपिस्ट’ म्हणवून घेणारेही दिसतात. ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय ते नाव लावता येत नाही. आपल्याकडे निदान शिक्षण काय, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, एवढं विचारावं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या सरकारी संस्थेचा नोंदणी क्रमांक मागावा. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. आणि पैसेच नसतील तर केंद्र सरकारची टेली-मानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, दिवसरात्र, फुकट, मराठीतही बोलता येतं. तिथून जवळच्या सरकारी रुग्णालयाची माहितीही मिळते.