पोटाला वाचता येत नाही

अम्यूझमेंट पार्कातल्या नवीन राइडवर, म्हणजे रोलर कोस्टरवर, पहिल्यांदा बसायचं तर सकाळीच, हे सगळे सांगतात. गर्दी कमी असते म्हणे. ती कमी नसते. ‘लवकर गेलं की गर्दी नसते’ या एकाच विचाराने निम्मं कोथरूड साडेसहाला घराबाहेर पडलेलं असतं आणि सगळ्यांची गाठ चांदणी चौकात पडते. तिथला चुकीचा रॅम्प धरला की एक्सप्रेसवेऐवजी मुळशीच्या दिशेने जाता येतं, ही त्या दिवसाची पहिली राइड. ती फुकट आहे.

सकाळचं खरं कारण चाकांत आहे. रोलर कोस्टरच्या चाकांवर पॉलियुरेथेन या रबरासारख्या प्लास्टिकचा थर असतो आणि बेअरिंगमध्ये ग्रीस. दोन्ही रात्रभर गार पडलेली असतात, त्यामुळे पहिल्या काही फेऱ्यांना गाडी जरा अंग चोरून धावते. दुपारी सगळं तापलं की तीच गाडी त्याच उतारावर जास्त वेग घेते. तेव्हा भित्र्या माणसाने सकाळी बसावं. आमच्या घरात हे पद माझ्याकडे आहे.

जोडप्यांत साधारण एक जण बसणारा असतो आणि एक जण पिशवी धरणारा. पिशवी धरणाऱ्याला ओढून रांगेत उभं केलं, की तो भीती लपवायला राइडचा अभ्यास करतो. मी केलाय. बेअरिंगपासून ब्रेकपर्यंत सगळं पाठ आहे. बायकोला यातलं काहीही माहीत नाही, तिला फक्त मजा येते.

तर पोटापासून सुरुवात करू. रिकाम्या पोटी बसायचं नाही आणि भरल्या पोटी त्याहून नाही. राइडच्या दोन तास आधी अर्धी प्लेट पोहे किंवा थोडा उपमा, बस. वाटेत फूड मॉलला तर्रीवाली मिसळ समोर आली, तरी तिच्याकडे परतीची भेट म्हणून बघावं. तर्री उलट्या दिशेने प्रवास करायला बनवलेली नाही. आल्याने मळमळ बऱ्याच जणांना कमी होते, त्यामुळे खिशात आलेपाक असलेला बरा. पुणेकराच्या खिशात तो तसाही असतोच. गाडी लागण्याची गोळी घ्यायचीच तर डॉक्टरांना विचारून आणि निदान तासभर आधी घ्यावी. रांगेत चक्कर आल्यावर घेतलेली गोळी परतीच्या वाटेवर काम करते. तिने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने ती घेऊच नये. आमच्याकडे गाडी मी चालवतो. असो.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो. ओढणी नको, सुट्टी चप्पल नको, मंगळसूत्र आत. चष्म्याला मागून दोरी हवी. गाडीची किल्ली खिशात ठेवायची नाही, लॉकरमध्ये ठेवायची, कारण उलटं झाल्यावर खिसा ही कल्पनाच संपते.

दरवाजा उघडल्यावर सगळे धावतात. धावू नका. नवीन राइड दहाच्या ठोक्याला सुरू होईलच असं नसतं. सकाळी तंत्रज्ञ रुळावरून चालत जाऊन बोल्ट, चाकं, चेन, खुर्च्यांची कुलपं तपासतात आणि मग रिकाम्या गाड्या फिरवतात. आपण खाली उभं राहून रिकामी गाडी उलटी होताना बघतो आणि बायको म्हणते, “बघ, कोणाला काही झालं नाही.” कोणी असेल तर होईल ना!

इथे एक हिशेब करावा, त्याने मन रमतं. गाडीत किती खुर्च्या? समजा चार-चारच्या सात ओळी, म्हणजे 28. दोन गाड्या फिरत असतील आणि दर दोन मिनिटांनी एक सुटत असेल, तर तासाला 840 माणसं. रांगेच्या एका वळणात किती डोकी आहेत ते मोजायचं. चाळीस धरली आणि पुढे साडेदहा वळणं असली, तर 420 माणसं, म्हणजे अर्धा तास. पण गाडी एकच असेल आणि चार मिनिटांनी सुटत असेल तर हाच आकडा तासावर जातो. म्हणून रांगेत शिरण्याआधी जरा वेळ खाली थांबून गाड्या मोजाव्यात. ‘पंचेचाळीस मिनिटे’ असं लिहिलेल्या पाटीपेक्षा हे मला जास्त खरं वाटतं. शिवाय चारच्या ओळीत तिघांचं कुटुंब बसलं की एक खुर्ची रिकामी जाते. मग राइडवरचा माणूस रांगेकडे तोंड करून ओरडतो, “एक जण आहे का कोणी?” जोडप्याने अशा वेळी हात वर करायचा नसतो. निदान लग्नाच्या पहिल्या काही वर्षांत तरी.

रांगेच्या तोंडाशी सूचनांची पाटी असते. हृदयविकार, रक्तदाब, मान किंवा पाठीचं दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण. यातलं काही असेल तर खरोखर परत फिरावं, ती पाटी शोभेची नाही. मी ती दर वेळी मोठ्याने, सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत वाचतो. ‘पाठदुखी’ आली की थांबतो.

“अगं, गेल्या आठवड्यात माझी पाठ जरा…”

“तो सोफा होता,” बायको म्हणते. “चल.”

बाहेर नमुन्याची एक खुर्ची ठेवलेली असते. पोट सुटलेल्या माणसाने तिच्यात आधी बसून बघावं. वर फलाटावर सत्तावीस जणांसमोर खांद्यांवरून खाली येणारा हार्नेस न लागण्यापेक्षा इथे एकट्याने नापास होणं बरं. आणि हार्नेस खाली ओढताना बहुतेक जण नेमकी उलटी चूक करतात: छाती फुगवून ठेवतात, म्हणजे नंतर मोकळं वाटेल. मोकळं वाटतंच, कारण अंगाला खुर्चीत उडायला जागा मिळते. मग दोन्ही कान आलटून पालटून गादीवर आपटतात. श्वास सोडून हार्नेस अंगाबरोबर बसवायचा, डोकं मागे टेकवायचं आणि ते तिथेच ठेवायचं. कुलूप एक नसतं. एक निसटलं तर दुसऱ्याने धरावं अशी सोय असते आणि वर मधला पट्टा. हे मला माहीत आहे. तरी तपासणारा माणूस पुढे गेल्यावर मी तो पट्टा तीनदा ओढून बघतो.

बसायचं कुठे, यावर भांडण ठरलेलं. पुढच्या ओळीत सगळं दिसतं आणि दिसतं म्हणूनच भीती वाटते. पण शरीराला खरा हिसका शेवटच्या ओळीत. पहिला डबा टेकाडावरून खाली झुकतो तेव्हा मागची सगळी गाडी अजून चढतच असते, त्यामुळे तो तिथे जवळजवळ रेंगाळतो. शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत पुढची गाडी उतारावर वेग घेऊन मोकळी झालेली असते, आणि ती त्याला दोरीने ओढावं तशी खेचून नेते. माणूस खुर्चीतून अलगद वर उठतो. बायकोला शेवटची ओळ हवी असते, मला घर. मधली ओळ ही तडजोड, आणि शास्त्राप्रमाणेही हिसका तिथेच सगळ्यात सौम्य.

मग चढण. खालून चेन गाडीच्या पोटातल्या आकड्याला धरते आणि टक-टक-टक सुरू होतं. निम्म्या लोकांचं धैर्य या आवाजाने जातं, काहीतरी तुटतंय असं वाटतं. वास्तविक त्या अख्ख्या राइडमधला सगळ्यात प्रेमळ आवाज तोच. रुळालगत करवतीसारखे दाते असतात आणि गाडीखालची जीभ प्रत्येक दात्यावरून पुढे जाऊन मागे खटकन पडते. चेन तुटली, वीज गेली, काहीही झालं तरी गाडी एका दात्याहून मागे येणार नाही. टक म्हणजे ‘इथपर्यंतचं पक्कं झालं’. काही नव्या राइडांवर हा आवाज काढून टाकलाय. मला तो विश्वासघात वाटतो.

चाळीस मीटरची चढण असेल तर चेनच्या वेगाने चाळीसेक सेकंद लागतात. चाळीस मीटर म्हणजे बारा-तेरा मजले. या चाळीस सेकंदांत मी मनातल्या मनात उजळणी करतो. गाडीला इंजिन नाही, पुढचा सगळा प्रवास या उंचीच्या उसनवारीवर. चाळीस मीटर उतरल्यावर वेग ताशी शंभर किलोमीटर, घर्षणाचं देणं वगळून. चाकं तीन तऱ्हेची: रुळावर भार घेणारी, बाजूने दाबणारी आणि रुळाखालून धरणारी. जॉन मिलर नावाच्या अमेरिकन माणसाने ही खालची चाकं 1919 मध्ये पेटंट केली, तेव्हापासून गाडी रुळावरून वर उडू शकत नाही. उडू शकत नाही. उडू शकत—

टकटक थांबते.

इथे माझा सगळा अभ्यास संपतो. मिलर, 1919, दोन कुलपं, काही उपयोगाचं नाही. कारण पोटाला वाचता येत नाही. उतारावर आपण आणि खुर्ची दोघंही एकत्र पडत असतो, त्यामुळे खुर्ची आपल्याला वर रेटत नाही. जठर आणि आतडीही एरवी खालच्या आधारावर बसलेली असतात, ती क्षणभर निराधार तरंगतात. पोट उडालं असं आपण म्हणतो ते अगदी शब्दशः खरं आहे. लहानपणी पेशवे पार्कातल्या फुलराणी या झुकझुक गाडीत बसलेल्या पोटाला ही सवय कशी असणार? ती 1956 पासून मुलांना बागेभोवती फिरवतेय आणि तिने आजवर कोणाचं जठर जागचं हलवलं नाही.

सगळ्यात मोठी चूक आता होते: डोळे मिटणं. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, त्यांतला द्रव हलला की मेंदूला गिरकी कळते. कान ‘आपण फिरतोय’ म्हणत असताना डोळे काहीच सांगत नसतील, तर मेंदू गोंधळतो आणि मळमळ वाढते. म्हणून डोळे उघडे, नजर रूळ पुढे जिकडे वळतोय तिकडे. लूपमध्ये, म्हणजे गाडी उलटी करणाऱ्या वळणात, शिरण्याआधी पाय आणि पोट घट्ट आवळायचं, म्हणजे रक्त खाली उतरून डोळ्यांपुढे अंधारी येत नाही. हे मी शेजारी बसलेल्या बायकोला ओरडून सांगतो. डोळे मिटून.

लूप गोल दिसतो, पण गोल नसतो. नीट बघा, उलट्या थेंबासारखा आहे, वर लहान वळण आणि खाली मोठं. 1895 साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर खरोखर गोल लूप बांधला होता आणि लोक माना धरून उतरत. हिशेब सोपा आहे: वर पोचण्यापुरताच वेग घेतला, तरी गोलाच्या तळाशी माणसावर त्याच्या वजनाच्या सहापट भार येतो, आणि तोही सपाट रूळ संपताक्षणी, एकदम. कॅलिफोर्नियात 1976 मध्ये थेंबाच्या आकाराचा लूप आला आणि मानेचा प्रश्न बराचसा सुटला. वळण हळूहळू घट्ट करत न्यायचं, ही युक्ती रेल्वे आणि महामार्गांवर आधीपासून होती. आपल्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरपर्यंत ती अजून यायची आहे. शंभरच्या वेगात उलटा होताना माझी कंबर जेवढी दुखत नाही तेवढी ती घराच्या कोपऱ्यावर स्कूटरवर दुखते, आणि हे मी अजिबात अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही.

शेवटी गाडी काही न घासता, आवाज न करता मंदावते. तिथे चुंबकं असतात. त्यांच्यामधून धातूची पट्टी सरकली की तिच्यात विजेचे भोवरे उठतात आणि तेच तिला मागे ओढतात. वीज गेली तरी हा ब्रेक चालतो. पूर्ण थांबवणं मात्र त्याला जमत नाही. वेग कमी झाला की जोरही कमी होतो, म्हणून फलाटाशी साधा घासणारा ब्रेक लागतोच.

खाली उतरल्यावर फोटोची खिडकी. कॅमेरा बहुधा पहिल्या उतारावर असतो. बायकोचे दोन्ही हात वर आणि सगळे दात दिसताहेत. शेजारच्या खुर्चीत कोणीतरी देवाला नमस्कार करतोय. फोटो घ्यायचा की नाही यावर घरातली सत्ता कोणाची ते कळतं. घेतला.

उतरल्यावर लगेच दुसरी राइड करू नये. नळ्यांतला द्रव शांत व्हायला थोडा वेळ लागतो, तोवर सावलीत बसून घोट-घोट पाणी प्यावं. मी हे सांगत असतानाच फलाटावरून हाक येते, “एक जण आहे का कोणी? शेवटच्या ओळीत!”

तिचा हात वर गेलेला असतो.

मी पिशवी मांडीवर घेऊन बाकावर टेकतो. टक-टक सुरू होते. मी मोजतो. अडतीस, एकोणचाळीस. आवाज थांबतो. वरून एक किंकाळी येते, तिचीच, ओळखू येते. मी उपम्याचा डबा उघडतो.