पऱ्हाट्या घेणारा कोणी आहे का भो?

अन्नदाता आता ऊर्जादाता होणार हे ऐकून ऐकून कान किटले राव. या एकदा ऊर्जादात्याच्या बांधावर. फेब्रुवारी संपत आला, कपाशी उपटून झाली, बांधाला पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा ढीग लागलाय आणि ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. कृषीवाले सांगतात पऱ्हाटी शेतात ठेवू नका, गुलाबी बोंडअळी त्यातच सुस्त पडून राहते आणि पुढच्या हंगामात परत बोंडात शिरते. बरोबर आहे, बोंडअळीने काय केलंय ते आम्हाला शिकवायची गरज नाही. मग जाळू का, तर जाळू नका, धूर होतो, जमिनीतले जीव मरतात. हेही बरोबर. मग करू काय, तर विका ना, बायोमासला, म्हणजे जळणाला चालणाऱ्या काडीकचऱ्याला मोठी डिमांड आहे!!

कुठे आहे ती डिमांड? आमच्याकडे एक ब्रिकेटवाला आला होता, भुगा दाबून कांड्या पाडतात, पांढरा कोळसा म्हणे त्याला, बुलेटवरूनच ढीग बघितला, एक काडी मोडून पाहिली, म्हणे काका माल चांगलाय पण सुका पाहिजे, कटिंग करून पाहिजे, मुळाला माती नको नाहीतर आमच्या मशीनचे पाते जातात, आणि कारखान्यावर पोच करून द्यायचा. अरे मग तू काय करणार, नुसता वजनकाट्यावर उभा राहणार? चिमट्याने एकेक झाड उपटायची मजुरी मी दिली, ट्रॅक्टरचं भाडं मी द्यायचं, कटिंगही मीच करायचं, आणि तो जो भाव सांगतो त्यात ट्रॉलीचं डिझेलसुद्धा निघत नाही. ट्रॉली भरली की डोंगराएवढी दिसते, रस्त्यात तारांना लागते, आणि काट्यावर चढवली की वजन बघून हसू येतं. पऱ्हाटी फुगीर असते, जागा खाते, वजन देत नाही. सगळी मेख इथेच आहे आणि दिल्लीत बसून पॉलिसी लिहिणाऱ्याला ती दिसत नाही.

आकडे मात्र काय एकेक फेकतात. देशात वर्षाला 75 कोटी टन बायोमास, त्यातला 23 कोटी टन शिल्लक. एकट्या कपाशीच्या काड्या अडीच-तीन कोटी टन. एकरी टनभर धरा. पऱ्हाटी जळते पण झकास, उष्णता आपल्या देशी कोळशाच्या तोडीस तोड आणि राख त्याच्या मानाने काहीच नाही, आपल्या कोळशात तर तीस-चाळीस टक्के राखच असते. आता आमच्या गावापासून भुसावळजवळचं दीपनगरचं औष्णिक केंद्र तासाभरावर. 500 मेगावॅटचे दोन संच होतेच, आता 660 चा नवा उभा राहिला. तिथे कोळसा येतो शेकडो किलोमीटरवरून वॅगन भरभरून, आणि तासाभरावर माझा ढीग बसलाय उंदीर आणि अळ्या पोसत.

बरं नियम नाहीत असं नाही, 2021 लाच केंद्राने सांगितलं की औष्णिक केंद्रांनी कोळशात 5 टक्के बायोमास पेलेट, म्हणजे भुग्याच्या दाबून केलेल्या गोळ्या मिसळायच्या. मग 2023 मध्ये परत बदल, 5 टक्के 2024-25 पासून आणि 7 टक्के 2025-26 पासून, असं ठरलं होतं. पेलेटचा बेंचमार्क भावसुद्धा सरकारने ठरवून दिलाय. पेलेटचा!! बांधावरच्या काडीचा भाव कोण ठरवणार? पेलेटवाल्याला भावाची हमी, वीज केंद्राला टक्केवारीचं टार्गेट, आणि ज्याच्या शेतातून माल निघतो त्याला काय तर सल्ला. दिल्लीला धूर झाला की महिनाभर टीव्हीवर पराली पराली (तिकडचं भाताचं काड) चालतं, मशीन काय, सबसिडी काय. आमचा धूर दिल्लीला जात नाही ना, म्हणून पऱ्हाटीला कोणी विचारत नाही.

आणि मक्याचं सांगूच नका. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल झालं, 2030 चं टार्गेट 2025 लाच गाठलं म्हणून ढोल वाजले, आता तर इथेनॉलला उसापेक्षा मका जास्त लागतो, मक्याच्या इथेनॉलला कंपन्यांनी 2024-25 ला लिटरला 71.86 रुपये दिले. मक्याचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 2400. आणि मार्केटला मका नेला की व्यापारी मूठभर दाणे हातात घेऊन चोळतो, दाताखाली एक दाणा फोडतो आणि म्हणतो ओल आहे. झालं, तोडला भाव. मका माझा, टाकी माझी, पंपावर मात्र एक रुपया सूट नाही.

खरं सांगू, खान्देशात पऱ्हाटीचा ग्यारंटीचा ग्राहक एकच, वांग्याचं भरीत. काड्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याची चव गॅसवर येतच नाही, यात वादच नाही. पण भो, हिवाळाभर गावाने भरीत पार्ट्या केल्या तरी ढिगाचा एक कोपरा हलत नाही. पहिले बाया सरपणाला भारे बांधून न्यायच्या, आता गॅस आला, चांगलंच झालं, पण ढीग उरला माझ्या बोकांडी.

आबा रोज बांधावरून जाताना म्हणतात, "काडी लाई दे भो, मोकया व्हई जाय." मी आत्तापर्यंत नाही लावली. पण उन्हाळी नांगरटीला ट्रॅक्टर सांगून ठेवलाय आणि तो काही बायोमास पॉलिसीसाठी थांबणार नाही. मला योजना नको, मेळावा नको, ऊर्जादाता म्हणून शाल-श्रीफळ तर अजिबात नको. जानेवारी ते मार्च गावात एक श्रेडर, काड्या बारीक करायचं मशीन, फिरवा, भुगा बांधावरच करा, काटा सोबत आणा आणि जागेवर पैसे द्या, भुगा झाला की त्याच ट्रॉलीत कितीतरी जास्त वजन बसतं एवढं तर पोरालाही कळतं. हे जमत नसेल तर जाळू नका म्हणून सांगायला गाडी घेऊन येऊ नका, डिझेल वाचेल तेवढंच देशाचं.