कुंपण घालून फुलपाखरू वाचत नाही

व्हॉट्सअॅपवर एक मजकूर गेली काही वर्षं पुन्हापुन्हा फिरतोय. त्याचा सारांश असा: माणूस लॉकडाऊनमध्ये घरात बसला तर व्हेनिसच्या कालव्यात डॉल्फिन आले, गुरं हाकला, कुंपण घाला, निसर्ग आपोआप सावरेल, संवर्धन प्रकल्प म्हणजे पैसे खायचे धंदे.

डॉल्फिनचा तो व्हिडिओ व्हेनिसचा नव्हताच. तो सार्डिनियातल्या बंदरातला होता.

‘गुरं हाकला, कुंपण घाला’ हे मात्र नीट खोडायला हवं, कारण ऐकायला ते शहाणपणाचं वाटतं. इंग्लंडमध्ये लार्ज ब्लू नावाचं निळं फुलपाखरू आहे. मादी थाइम या सुगंधी रानझुडपाच्या कळ्यांवर अंडी घालते. अळी दोन-तीन आठवडे फुलं खाते, मग जमिनीवर उतरते आणि मुंगीच्या अळीचं सोंग घेते. गंध तसाच, शिवाय अंगातून गोड थेंब पाझरतो. लाल मुंगी फसते आणि आपलंच पिल्लू समजून तिला घरट्यात नेते. तिथे ही अळी साधारण दहा महिने मुंग्यांचीच पिल्लं खाऊन वाढते. पण मुंगी लागते मिर्मिका सॅब्युलेटी याच जातीची, आणि त्या मुंगीला हवी उन्हाने तापलेली जमीन. गवत दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा उंच झालं की माती थंडावते, दुसऱ्या जातीची मुंगी शिरते आणि तिच्या घरट्यात या अळ्या फारशा जगत नाहीत.

हे गवत आखूड ठेवत होते ससे आणि गुरं. १९५०च्या दशकात मिक्सोमॅटोसिसच्या साथीने ससे मेले, आणि चराईही कमी होत गेली. फुलपाखरं पकडणाऱ्या संग्राहकांना अडवायला काही जागी कुंपणं घातली, तर गुरंही बाहेरच राहिली. जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात हे कोडं सोडवलं, तोवर उशीर झाला होता. १९७९ साली हे फुलपाखरू ब्रिटनमधून नामशेष झालं.

‘आपोआप’ तर काहीच सावरलं नाही. १९८३पासून स्वीडनहून आणून ते पुन्हा वसवावं लागलं. ग्लॉस्टरशरमधल्या रॉडबरो कॉमनवर ते सुमारे दीडशे वर्षं नव्हतं. तिथे २०१९मध्ये सुमारे ११०० अळ्या सोडल्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात अंदाजे ७५० फुलपाखरं उडाली. त्याआधी काही वर्षं तिथे गुरांची चराई ठरवून, जागा बघून करवून घेतली होती.

राहिला पैशांचा आरोप. रॉडबरोचं काम कुणा एकाचं नव्हतं: नॅशनल ट्रस्ट आणि बटरफ्लाय कन्झर्व्हेशन या संस्था, नॅचरल इंग्लंड हे सरकारी खातं आणि त्या कुरणावर गुरं चारण्याचा हक्क असलेले शेतकरी एकत्र आले. गुरंवाल्यांना वगळून हे जमलंच नसतं. प्रत्येक प्रकल्प यशस्वी होतो असं मी म्हणणार नाही. इंग्लंडमधल्याच केंटमध्ये २०१२पासून स्वीडनहून एका जातीच्या भुंग्यांच्या (बंबलबी) राण्या आणल्या, ती जात काही रुजली नाही. पण शेतकऱ्यांनी तिच्यासाठी राखलेल्या फुलांवर दुसरे दुर्मिळ भुंगे परतले.

आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२पासून वनखातं आणि गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखली. पूर्वी ही अंडी विकली जायची. आता कासव महोत्सवाला येणारे लोक गावातच घरोघरी उतरतात. या गावकऱ्यांना किनाऱ्यावरून हटवलं, तर अंडी कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जातील.